घोडी उभी करणारे किडे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत मासे खाणारं घर आमचं एकटंच. त्यामुळे सुक्या बोंबलांचा डबा स्वयंपाकघरात न ठेवता मागच्या गॅलरीत ठेवायचा, हा सासूबाईंचा नियम. नणंद मुंबईहून येताना बोंबील आणते आणि सासूबाई ते पुरवून पुरवून वापरतात. एका उन्हाळ्यात बऱ्याच दिवसांनी त्यांनी डबा उघडला आणि मला हाक मारली.

"इकडे ये. झाकण कोणी सैल ठेवलं होतं?"

सैल मीच ठेवलं होतं. डब्यात बोंबील उरलेच नव्हते. उरले होते त्यांचे काटे, केसासारखे बारीक, एकही मोडलेला नाही. त्यांच्यामधून तपकिरी केसाळ अळ्या वळवळत होत्या आणि तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे काळपट भुंगेरे इकडून तिकडे पळत होते. सासूबाई डबा घेऊन कचऱ्याच्या बादलीकडे निघाल्या तसा मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला.

"आई, थांबा. हे मला हवेत."

"किडे?"

"हो. किडेच."

त्यांनी रिकामे हात पदराला पुसले. सुनेचं डोकं फिरलं असं वाटलं की त्या गप्प बसतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं.

मी तेव्हा शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. प्रयोगशाळेतली चिरफाड बंद झाल्यापासून मुलं हाडं शिकायची ती भिंतीवरच्या तक्त्यांवरून आणि प्लास्टिकच्या नमुन्यांवरून. कपाटात जुने दोन-चार सांगाडे होते. सशाला पुढचा पाय नव्हता, मांजराच्या मणक्यांत दोन मणके कुत्र्याचे होते. मला खरा, पुरा सांगाडा हवा होता. म्हणून मी बोकडाच्या मुंड्या आणून प्रयोगशाळेतच उकळून पाहिल्या. दात गळून पडले, नाकातली पातळ हाडं विरघळल्यासारखी झाली, चरबी हाडात मुरून सगळं पिवळं पडलं आणि वासामुळे दोन दिवस मजल्यावर कोणी वर्ग घेईना. एक मुंडी आवारात पुरून पाहिली, ती कुत्र्यांनी उकरून नेली.

परदेशातल्या संग्रहालयांत हे काम किड्यांकडून करून घेतात, हे मी वाचलं होतं. वाळलेलं मांस खाणारे हे भुंगेरे हाडाला दात लावत नाहीत. असले किडे आपल्याला कोण देणार, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला होता. आणि ते आमच्याच गॅलरीत बसून सासूबाईंचे बोंबील खात होते.

घरात माशांची काचेची पेटी रिकामी पडली होती. तिच्यात मी सगळा डबा ओतला, वर बारीक जाळी ताणून बांधली. अळ्यांना कोष करायच्या वेळी बीळ करून शिरायला काहीतरी मऊ लागतं, त्यासाठी खंडेराव मार्केटमधल्या द्राक्षवाल्याकडून थर्मोकोलचे खोके मागून आणले. मग मटणवाल्याकडून एक मुंडी सोलून घेतली, डोळे-मेंदू काढले, दोन दिवस कडक उन्हात वाळवली आणि आत ठेवली.

सात दिवस मी रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की आधी गॅलरीत जायची, मग चपला काढायची. पेटीला कान लावला की तव्यावर रवा भाजल्यासारखा बारीक आवाज यायचा. आठव्या दिवशी मुंडी बाहेर काढली. एकही दात हललेला नव्हता. नाकाच्या आतली हाडं, ती कागदाच्या गुंडाळीसारखी असतात, तशीच्या तशी शाबूत होती. पंचवीस वर्षं मी ती फळ्यावर काढून दाखवली होती. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते. मी कवटी उजेडाकडे धरून उभी राहिले आणि सासूबाईंना बोलावलं.

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. म्हणाल्या, "माझ्या भांडीवालीपेक्षा बरं घासतात."

त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूच्या झाल्या.

कॉलेजात मात्र विभागप्रमुख साफ नाही म्हणाले. ते वयाने माझ्याहून लहान, काटेकोर, फार कमी बोलणारे. त्यांनी मला संग्रहालयाच्या खोलीत नेलं आणि काचेच्या कपाटांतले पेंढा भरलेले जुने पक्षी दाखवले.

"मॅडम, तुमचा एक भुंगेरा जरी इथे पोचला तर वर्षभरात यांची पिसं राहणार नाहीत. खरं आहे का?"

खरं होतं. मी तसं कबूल केलं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी दुसरी जागा मागितली. आवाराच्या पार टोकाला, जनरेटरची जुनी खोली बंद पडून होती. संग्रहालयापासून ती इतकी दूर की चालत जायला पाच मिनिटं लागत. दोन आठवडे विचार करून त्यांनी किल्ली दिली. अट एकच, की त्या खोलीतून मी आधी घरी जायचं, कपडे बदलायचे आणि मगच विभागात यायचं. ती मी निवृत्त होईपर्यंत पाळली.

किडे ठेवायला माझ्या नवऱ्याने भंगारातून एक मोठा बंद पडलेला फ्रिज आणला. तो कोयलीच्या रिफायनरीत यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. फ्रिजमध्ये थंडावा करण्याऐवजी ऊब कशी ठेवायची, या प्रश्नाने तो दोन रविवार खूश होता. त्याने आत एक बल्ब लावला, तापमान वाढलं की तो आपोआप विझेल असं केलं, आणि हवेसाठी भोकं पाडून त्यांवर जाळी बसवली. फ्रिजच्या गुळगुळीत भिंतींवर किड्यांना चढता येत नाही, ही त्यातली मुख्य सोय.

मी सगळी वस्ती कॉलेजात हलवायला निघाले तेव्हा सासूबाई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या.

"सगळे नेऊ नकोस. मूठभर ठेव इथे."

"कशाला?"

"विरजण कोणी सगळंच्या सगळं दुधात घालतं का? थोडं बाजूला ठेवतात."

त्यांचं मन राखायला मी लोणच्याच्या एका बरणीत थोडे भुंगेरे आणि अळ्या ठेवल्या आणि ती गोष्ट विसरूनही गेले.

पहिल्या वर्षी आम्ही लहानसहान कामं केली. कोंबडी, बदक, बकरीचा पाय, घरी मेलेलं एक पाळीव मांजर. दोन विद्यार्थिनी माझ्याबरोबर येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्या नाकाला ओढणी लावून उभ्या होत्या. महिन्याभराने त्याच खोलीच्या पायरीवर बसून शेवमुरमुरे खात होत्या.

मग माघात, लग्नांच्या दिवसांत, नवऱ्याच्या शाळेतल्या मित्राचा फोन आला. तो जनावरांचा डॉक्टर आहे. पाणीगेटकडे एक घोडी म्हातारी होऊन मेली होती. वरातीची घोडी. अर्ध्या बडोद्याचे नवरदेव तिच्यावर बसून गेले असतील. तिच्या मालकाला ती उकिरड्यावर टाकायला नको होती, आणि पुरायला जागा नव्हती.

"तुला चालेल का?" त्याने विचारलं.

घोड्याच्या एका मांडीत आमच्या किड्यांचं सहा महिन्यांचं अन्न होतं. मी म्हणाले, "चालेल."

मालक साठीच्या पुढचे, सडपातळ, पायांत बाक आलेले. घोडीवर त्यांनी स्वतःची शाल पांघरली होती. मी गुजरातीत त्यांना सगळं सरळ सांगितलं. कातडं काढलं जाईल, मांस काढलं जाईल, उरलेलं किडे खातील, आणि हाडं मुलांना शिकायला राहतील. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं बोलून झाल्यावर ते शालीच्या टोकाशी चाळा करत राहिले.

"पछी ऊभी राखशो के सूती?" त्यांनी विचारलं. म्हणजे नंतर तिला उभी ठेवणार की आडवी.

मी म्हणाले, सांगाडा उभाच करतात.

"सुवडावता नहीं, बेन," ते म्हणाले. झोपवू नका, ताई. मग सावकाश सांगू लागले, की एकवीस वर्षं ती त्यांच्याकडे होती, बँडच्या गोंगाटात, फटाक्यांत, आणि माणसांसमोर ती कधी बसली नाही. आज पहिल्यांदा त्यांनी तिला भर दिवसा आडवी पाहिली होती.

मी त्यांना शब्द दिला. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की उभा सांगाडा मी आयुष्यात कधी केलेला नाही.

डॉक्टरांच्या माणसांनी कातडं आणि मोठं मांस उतरवून दिलं. आम्ही प्रत्येक भाग मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत घालून डावा-उजवा अशा पत्र्याच्या खुणा बांधल्या. हिवाळ्याची कोरडी हवा होती, जाळीखाली मांस सुकटीसारखं वाळलं. वाळलेले भाग पत्र्याच्या पेट्यांत बंद केले आणि एकेक करून फ्रिजमध्ये देऊ लागलो. आधी कवटी. मग मान. मग पुढचे पाय. मांस भरपूर म्हटल्यावर किडेही वाढत गेले. फ्रिज उघडला की तळ हलताना दिसायचा. डाव्या पुढच्या पायाचं नळीचं हाड स्वच्छ होऊन आलं तेव्हा त्याच्या कडेला सुपारीएवढं टेंगूळ होतं, जुना भरून आलेला मार. मी ते वहीत लिहून ठेवलं.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो होतो. परत आले आणि जनरेटरची खोली उघडली तर औषधाचा वास आला. आवारातल्या खोल्यांना वाळवी लागली म्हणून सुटीत सगळीकडे फवारणी झाली होती. ज्याने फवारलं त्याला दाराखालच्या फटीतून नळी आत घालणं सोपं वाटलं असावं. मी फ्रिज उघडला. आत आवाज नव्हता. तळाला भुंगेऱ्यांचा एक थर उताणा पडला होता, पाय आखडून. मी चमच्याने खालपर्यंत ढवळलं. एकही हलला नाही.

पाठीचा कणा, फासळ्या आणि दोन्ही मागचे पाय अजून पेट्यांत पडून होते. अर्धी घोडी.

मी खोलीला कुलूप लावून घरी आले आणि गॅलरीत खुर्चीवर बसले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं. मी सांगितलं, सगळे मेले. बोंबलांतून पुन्हा किडे मिळतील, पण किती दिवसांनी, आणि तेवढे वाढायला वर्ष जाईल. त्या माणसाला काय सांगू.

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती लोणच्याची बरणी होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा आत गेल्या. दुसरी आणली. मग तिसरी.

तिन्ही बरण्या काठोकाठ जिवंत होत्या. तोंडाला सुती फडकं, वर रबर, आत थर्मोकोलचे तुकडे, माझ्या पेटीत पाहिले होते तसेच.

"एकीत मावेनात म्हणून दुसरी केली," त्या म्हणाल्या. "बोंबलांची डोकी घालत होते. मागच्या महिन्यात तुझ्या मटणवाल्याकडून छाटण मागवली."

"मला सांगितलं नाहीत?"

"तू कधी विचारलंस?"

मी हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसले. त्या संध्याकाळी आम्ही दोघी जमिनीवर बसून बरण्यांतल्या अळ्या मोजायचा प्रयत्न करत होतो आणि शंभराच्या पुढे प्रत्येक वेळी चुकत होतो.

मी दुसऱ्या दिवशी प्रमुखांना भेटले. मला वाटलं होतं, ते म्हणतील की झालं तेवढं पुरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, की त्या खोलीत विचारल्याशिवाय कोणीही कसलीही फवारणी करू नये. त्याच्या चार प्रती काढून एक त्यांनी जाऊन खोलीच्या दाराला चिकटवली.

फ्रिज आम्ही सोड्याने आणि साबणाने पाच वेळा धुतला, दोन आठवडे उन्हात उघडा ठेवला. मग आत फक्त दहा भुंगेरे सोडले. आठवड्याने दहाच्या दहा चालत होते. तेव्हा बरण्या ओतल्या. पेट्या घट्ट बंद असल्याने आतली हाडं वाचली होती. पावसाळ्यात दमट हवेने त्रास दिला, बल्ब दिवसरात्र चालू ठेवावा लागला, नवरा रविवारी येऊन तारा तपासून जायचा. फासळ्या झाल्या. मणके झाले. नवरात्रात, एकीकडे गरब्याचे ढोल वाजत असताना, शेवटचा मागचा पाय बाहेर आला.

काम तिथे संपत नाही. घोड्याच्या हाडांत चरबी फार. साबणाच्या कोमट पाण्यात ती आठवडे न् आठवडे भिजवायची, पाणी बदलायचं, पुन्हा भिजवायची. मग जखमेवर ओतलं की फेसाळतं त्या औषधात, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, बुडवून उजळायची. हाडं उन्हात मांडली की आवारातून जाणारे थांबून पाहायचे. दोघी मुलींनी मणके क्रमाने लावले आणि मला दाखवायला बोलावलं. एकही चुकला नव्हता. त्या दिवशी मी त्यांना काही शिकवलं नाही. नुसती पाहत उभी राहिले.

उभं करायला तीन महिने लागले. लोखंडी सळया नवऱ्याने वाकवून दिल्या, प्रमुखांनी शिडी धरली. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे चारही पाय सरळ, मान ताठ. पुढच्या माघात घोडी प्रयोगशाळेच्या मधोमध उभी राहिली. कवटी माझ्या डोक्याच्या वर होती. तिच्याभोवती फिरताना मला स्वतःचाच थोडा धाक वाटला.

वर्गाला दाखवायच्या आधी मी मालकांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारातच थांबले. मग हळूहळू तिच्याभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे बांधून.

"बेन, आ मारी घोडी नथी," ते म्हणाले. ही माझी घोडी नाही.

मुली माझ्याकडे पाहू लागल्या. मी विचारलं, "का, काका?"

"ती अशी उभी राहायची नाही," ते गुजरातीत म्हणाले. "हा पोलिसांचा घोडा उभा आहे. माझी घोडी उजवा मागचा पाय ढिला सोडायची. खुराचं टोक फक्त टेकलेलं. मान इथपर्यंत खाली. नवरदेव चढला की मग सरळ व्हायची." त्यांनी स्वतः कंबरेवर हात ठेवून, एक गुडघा सैल सोडून दाखवलं, आणि त्या साठीच्या माणसात क्षणभर ती घोडी मला स्पष्ट दिसली.

ते म्हणत होते ते शास्त्राने बरोबर होतं. घोडा गुडघ्याची वाटी अडकवून एका पायावर भार ठेवतो आणि दुसऱ्याला विसावा देतो. मी हे कितीदा शिकवलं होतं. पण सांगाडा लावताना माझ्या मनात ते आलंच नाही.

"आत्ता बदलू या?" मी विचारलं.

"आत्ता," प्रमुख म्हणाले, आणि पक्कड आणायला स्वतः गेले.

दुपारभर आम्ही ते करत होतो. काका सांगायचे, अजून थोडं खाली, अजून, बस. मान खाली आणताना ते डाव्या पुढच्या पायाशी वाकले आणि त्यांची बोटं नळीच्या हाडावरून सरकत गेली. टेंगळाशी थांबली.

"ए तो आ रह्युं," ते हळूच म्हणाले. हे तर इथेच आहे.

एका वरातीत ओल्या रस्त्यावर ती घसरली होती. सगळे म्हणाले, विकून टाका, आता हिचा उपयोग नाही. त्यांनी चार महिने तिला काम दिलं नाही, रोज दोन वेळा शेकून पट्टी बांधली. "बरं झालं आतून, असं मी म्हणायचो," ते म्हणाले. "दिसत तर नव्हतं. आज दिसलं."

मी हाडावर बोट ठेवून त्यांना दाखवलं की मार कसा भरून आला, नवं हाड कसं चढलं, आणि ते किती भक्कम आहे. इतकं चांगलं भरलेलं हाड मी पाहिलं नव्हतं, आणि मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मुलींनी उगाच पक्कडी आवरायला घेतल्या.

चार वाजता पहिल्या वर्षाचा वर्ग आला. साठ मुलं दारातच थबकली. मी बोलायला उभी राहिले, आणि मग मला वाटलं, माझ्याआधी बोलण्याचा हक्क यांचा आहे. मी काकांना विचारलं, मुलांना दातांबद्दल सांगाल का. ते आधी नाही म्हणाले. मग कवटीजवळ गेले, खालच्या जबड्यावर हात ठेवला आणि सांगायला लागले. पुढचे दात वयाबरोबर कसे पुढे झुकतात आणि लांब दिसायला लागतात, घोड्याच्या बाजारात लबाड माणूस वय कसं लपवतो, आणि दातांच्या मधली ही मोकळी जागा, जिथे लगाम बसतो. ती जागा नसती तर माणूस घोड्यावर बसलाच नसता. एका मुलीने विचारलं, घोडीला लगाम टोचत नाही का. ते म्हणाले, हात कोणाचा आहे त्यावर आहे.

मुलं प्रश्न विचारत गेली. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. सासूबाईंना मी बोलावून आणलं होतं. त्या पुढच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या मुलाला सांगत होत्या की यातलं अर्धं काम घरी झालंय. प्रमुख दाराला टेकून उभे होते. मी मागच्या बाकावर जाऊन बसले, वही उघडली, आणि घोड्याचं वय दातांवरून कसं ओळखायचं ते लिहून घेऊ लागले.